गुरुवारी पडणारं मशीन

स्क्रीनवर "मान्य आहे" असं एक बटण होतं. त्याच्या वर एक चौकट, चौकटीला नाव "बिघाडाचं मूळ कारण", आणि आत माझ्या फंक्शनचं, म्हणजे मी लिहिलेल्या कोडच्या एका तुकड्याचं, नाव कोणीतरी आधीच टाइप करून ठेवलेलं. मला फक्त दाबायचं होतं.

"दाबा आणि मोकळ्या व्हा," आमचे मॅनेजर म्हणाले.

"मी नाही दाबणार."

"का?"

"कारण ते खोटं आहे."

मॅनेजर सदाशिव पेठेत वाढलेले. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग खरं काय आहे, ते आपल्याला माहीत आहे का?"

"नाही."

"छान. म्हणजे खरं माहीत नाही, पण खोटं कोणतं ते नक्की माहीत आहे."

असं कोणी बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मी खुर्ची सरकवून बाहेर आले आणि जिन्यातच मोठ्याने म्हटलं, "नाही म्हणजे नाही." खालून वर येणारी अकाउंट्सची बाई दचकून बाजूला झाली.

मी काय करते ते आधी सांगते, नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नेल, त्यात मी कोड लिहिते. माझा भाग नेटवर्कचा. आमची कंपनी एक पेटी बनवते. ती कारखान्यात, ऑफिसात नेटवर्कच्या तोंडाशी बसते आणि आलेली पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, पुढे पाठवते. कुठलं पॅकेट आधी जाईल आणि कुठलं थांबेल हे ठरवणारी रांग म्हणजे माझा कोड. रांगेतून निघालेलं पॅकेट उचलून प्रत्यक्ष तारेवर सोडणारा भाग म्हणजे ड्रायव्हर, तो परदेशातल्या मुख्य ऑफिसचा. साधा प्रोग्राम बिघडला तर एकटा मरतो. कर्नेल बिघडलं की अख्खं मशीन आडवं.

भोसरीकडच्या एका कारखान्यातली आमची पेटी अशी वारंवार आडवी होत होती. मरताना कर्नेल एक ट्रेस लिहून जातं: शेवटच्या क्षणी कोणतं फंक्शन चालू होतं, त्याला कोणी बोलावलं होतं, वगैरे. सगळ्यात वर नाव असायचं माझ्या फंक्शनचं. दरवेळी. आणि आमच्या कंपनीची पद्धत अशी की ट्रेसमध्ये वर ज्याचं नाव, बिघाड त्याचा. त्यासाठी माणूसही लागत नाही, एक प्रोग्रामच ट्रेस वाचतो आणि तक्रार त्या माणसाच्या गळ्यात घालतो. ज्याच्या दारात मढं सापडलं तोच खुनी, इतका सोपा न्याय.

तिकडे मुख्य ऑफिसात ड्रायव्हरचा प्रमुख होता तो आपलाच, पुण्याचा. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो, शेजारी शेजारी बसायचो, एका डब्यात जेवायचो. मग तो तिकडे गेला आणि मोठा झाला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते महिन्याच्या बैठकीत. पडद्यावर तिकडचे सगळे साहेब, इकडे आमची अख्खी टीम, आणि हा गुळगुळीत इंग्रजीत सांगतोय की पुण्याचा रांगेचा कोड अजून कच्चा आहे, तो मुख्य ऑफिसने ताब्यात घ्यावा आणि पुण्याच्या टीमने यापुढे टेस्टिंग करावं. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय. माझं "मान्य आहे" मिळालं की निर्णय झालाच.

म्हणजे प्रश्न नुसत्या माझ्या नाकाचा नव्हता. ती रांग आम्ही पुण्यात शून्यातून उभी केली होती. टीममधल्या पोरींनी आणि पोरांनी त्या कोडवर रक्त आटवलं होतं. आता त्यांनी दुसऱ्याने लिहिलेलं चालतंय का एवढं बघत बसायचं? टेस्टिंगला मी कमी लेखत नाही, पण शिक्षा म्हणून दिलेलं कुठलंही काम कमीच असतं.

बैठकीनंतर त्याचाच फोन आला. फोनवर मात्र मराठी.

"अगं, दे ना मान्य करून. कशाला एवढं ताणतेस? तुझ्या फंक्शनमध्ये एक तपासणी टाक, पॅकेट वेडंवाकडं दिसलं की फेकून द्यायचं. मशीन पडायचं थांबेल. विषय संपला."

"पॅकेट वेडंवाकडं झालं कसं?"

"ते कशाला शोधत बसतेस?"

"कारण आज ते वेडंवाकडं दिसतंय म्हणून मशीन पडतंय. उद्या मेमरीतली तीच जागा दुसऱ्या पॅकेटला मिळाली तर ते नीटनेटकं दिसेल. तुझी तपासणी त्याला सलाम ठोकेल, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर जाईल. पडतंय ते बरंच आहे म्हणायचं."

"तू ना, अजून तशीच आहेस," तो हसून म्हणाला.

"हो. तू नाहीस."

फोन ठेवला तो आपटूनच. रागाने, आणि थोडं भीतीनेही. कारण पाणी कुठेतरी मुरतंय हे मला कळत होतं, पण कुठे ते दाखवता येत नव्हतं. आणि दाखवता आलं नाही तर चोर सोडून संन्याशाला फाशी ठरलेली.

आम्ही मूळ वाघोलीचे. शेतात आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकात माझी आई राहते. रविवारी तिच्याकडे गेले तर तिने दारातच विचारलं, "काय गं, तोंड का पाडलंस?"

तिला कर्नेल काय सांगणार? एवढंच म्हटलं, की दुसऱ्याची चूक माझ्या नावावर टाकतायत आणि मला हो म्हणायला लावतायत.

"आन् तू काय म्हनलीस?"

"नाही म्हटलं."

"मग बास की. तोंड पाडायचं काय कारन हाय त्यात? नाही म्हनलं की नाही. तुझ्या बापानं बिल्डरला चार वर्षं नाही म्हनलं." मग ती पोळ्या लाटायला गेली. वडिलांनी पाचव्या वर्षी हो म्हटलं होतं, ते मी काढलं नाही.

सोमवारपासून मी लॅबमध्ये ठाण मांडलं. तशीच पेटी, तोच कोड, कारखान्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती तिच्यावर ओतली. पडेल तर शपथ! मशीन सुखाने चालतंय. मग मी एक खास कर्नेल चढवलं, मेमरीवर पाळत ठेवणारं. कोणती जागा कोणी घेतली, कोणी सोडली, सोडल्यावर कोणी चोरून वापरली, सगळं ते सांगतं. त्याने काहीच सांगितलं नाही. चोरीच होत नव्हती तर पकडणार काय? मॅनेजर रोज सकाळी लॅबच्या दारात यायचे, चालू मशीनकडे बघायचे आणि म्हणायचे, "प्रकृती उत्तम दिसते." टीममधलेही दबकत बोलायला लागले. एकीने हळूच विचारलं, "मॅम, आपण टेस्टिंगला गेलो तर आपली डेसिग्नेशन बदलतील का?" मी तिच्यावर खेकसले. तिचा काय दोष होता? पण खेकसले खरी.

बैठक जवळ येत होती. अशात एका दुपारी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी समोर घेऊन बसले होते आणि फोन वाजला. कारखान्याची पेटी पुन्हा पडली. मी कपाळावर हात मारला, चमचा खाली ठेवला, आणि चमच्याकडे बघतच राहिले. मागच्या वेळी फोन आला तेव्हाही खिचडीच होती. त्याच्या आधीही. एकदा तर हात तुपाचे होते म्हणून फोन नीट उचलता आला नव्हता. मी खिचडी खाते ती फक्त गुरुवारी, दत्ताच्या उपवासाला.

पेटी गुरुवारी पडत होती!

उठले ती तशीच मॅनेजरकडे गेले. "कारखान्यात गुरुवारी काय होतं?"

"भोसरीत? गुरुवारी काय होणार, सुट्टी."

भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मुख्य ऑफिसात कोणाला माहीत असणार? त्यांनी शनिवार-रविवार सुट्टी धरली, गुरुवार भर कामाचा दिवस धरला, आणि निष्कर्ष काढला की कामाचा ताण वाढला की पुण्याची रांग झेपत नाही. मीसुद्धा लॅबमध्ये तोच ताण ओतत बसले होते. आणि तो, एकेकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा, ज्याचा मामा भोसरीतच नोकरीला होता, त्याला हे आठवू नये?

"सुट्टीच्या दिवशी बंद कारखान्यातलं मशीन का पडतं?" मी विचारलं.

मॅनेजरनी पहिल्यांदाच लगेच टोला दिला नाही. जरा विचार करून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. बघून या."

पुढच्या गुरुवारी मी भोसरीला गेले. कारखान्यात शुकशुकाट, फक्त देखभालीची माणसं. त्यांच्या प्रमुखाने मला सरळ सांगितलं, "मॅडम, एरवी मशीन चालू असतात तेव्हा नेटवर्कला हात लावू देत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यांचं आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग आम्ही गुरुवारीच जुन्या शेडमधल्या सर्व्हरवर टाकतो." जुन्या शेडमध्ये गेले. भिंतीवर पत्र्याच्या डब्यात तारा एकमेकींना जोडणारा एक पुरातन नेटवर्क स्विच, धुळीने माखलेला. पेटीतून माहितीचा लोंढा येतोय आणि हा बिचारा थेंबथेंब पुढे सोडतोय. माझ्या लॅबमध्ये सगळ्या तारा वेगवान. पेटीने पाठवलं की गेलंच. तिथे पेटीला "थांब, जागा नाही" असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. मी त्या शेडमध्ये एकटीच हसले. देखभालवाल्यांना वाटलं असेल, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

परत येताना बुधवार पेठेत उतरले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तसाच जुना, मंद स्विच मागितला. दुकानदाराने माळ्यावरून एक काढला आणि झटकला.

"चालेल याची गॅरंटी नाही."

"चालायला नकोच आहे. रखडायला हवाय."

"मग उत्तम आहे. याच्याइतका कोणी रखडत नाही."

लॅबमध्ये तो जोडला, मोठमोठ्या फाइली सोडल्या आणि बघत बसले. चहा यायच्या आत पेटी पडली. मी अशी ओरडले की बाजूच्या खोलीतले धावत आले. मशीन पडल्यावर नाचणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. ट्रेसमध्ये वर अर्थातच माझं नाव. असू दे! आता मी माझा कोड पेटीतून उपटून बाहेर काढला. पूर्ण, मुळासकट. त्या जागी कर्नेलची स्वतःची साधी रांग ठेवली, जी सगळं जग वापरतं. पुन्हा फाइली सोडल्या. पेटी पुन्हा पडली, आणि या वेळी ट्रेसमध्ये वर त्या साध्या रांगेचं नाव.

मॅनेजर मागे उभे होते. म्हणाले, "आता ही साधी रांग लिहिणाऱ्यांनाही 'मान्य आहे' दाबायला बोलवावं लागेल." आणि मग, मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात, "पुढे चला. थांबू नका."

पाळत ठेवणारं कर्नेल पुन्हा चढवलं. या वेळी त्याने चोर दाखवला. मेलेलं पॅकेट वापरलं कोणी, तर रांगेने. पण मारलं कोणी? ड्रायव्हरने. त्याच्या ड्रायव्हरने.

कोड उघडून वाचला तेव्हा हसावं की रडावं कळेना. ड्रायव्हर आणि रांग यांच्यात एक साधा करार असतो. रांग पॅकेट पुढे करते. ड्रायव्हरने एकतर ते घ्यायचं, मग त्याचं काय करायचं ते तो बघेल. नाहीतर म्हणायचं, "आत्ता जागा नाही, तुझं तुझ्याकडे ठेव." मग रांग ते परत आत ठेवते. याच्या ड्रायव्हरमध्ये मोठं पॅकेट तुकड्यातुकड्यांनी चढवताना मध्येच जागा संपली, तर तो आधी पॅकेट नष्ट करायचा, आणि मग रांगेला म्हणायचा, "जागा नाही, तुझं तुझ्याकडे ठेव." शेजारणीने दिलेला डबा फोडून टाकायचा आणि वर सांगायचं, की मी घेतलाच नाही, तुमच्याच घरी आहे. रांग बिचारी नसलेलं पॅकेट सांभाळून ठेवायची आणि पुढच्या फेरीत उघडायला गेली की मशीन आडवं. मढं माझ्या दारात.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी केली, मंद स्विच लावून पेटी दिवसभर चालवली, पुढच्या गुरुवारी कारखान्यातही चालवली. पडली नाही. सगळं बैठकीच्या आदल्या दिवशी मुख्य ऑफिसला पाठवलं.

त्याचा फोन आलाच. "बघितलं मी. ग्रेट काम केलंस गं. आता असं करू, दोन्ही भागांच्या एकत्र येण्यातून बिघाड झाला, असं लिहू. तुझ्याकडे ती तपासणीही टाक, म्हणजे दोघांनीही थोडं थोडं सुधारलं असं दिसेल."

"माझा कोड बाहेर ठेवूनही मशीन पडलं. एकत्र कोण आलं होतं?"

"अगं, माझी इथली पोझिशन बघ ना जरा. तुला काय फरक पडतो?"

खरं सांगते, क्षणभर मला त्याची दया आली. एका डब्यात जेवलोय आम्ही. पण दुसऱ्याच क्षणी ती मुलगी आठवली, डेसिग्नेशन बदलेल का विचारणारी. "मला फरक पडतो," मी म्हटलं. "आणि मी एकही अक्षर बदलणार नाही."

बैठकीला आमची खोली गच्च भरली होती. काही जण भिंतीला टेकून उभे होते. पडद्यावर तिकडचे साहेब, आणि तो, टाय लावून. मी सगळं दाखवलं. गुरुवार, मंद स्विच, माझ्या कोडशिवाय पडलेली पेटी, आणि शेवटी त्याच्या फंक्शनमधल्या त्या दोन ओळी, एकाखाली एक: आधी नष्ट, मग "घेतलं नाही". मग त्याच्या वरच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "म्हणजे चूक ड्रायव्हरची होती का?"

तो जरा हलला. माझ्याकडे बघत, मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "हो गं बाई, माझीच चूक आहे. सोड ना आता." आणि लगेच साहेबांकडे वळून इंग्रजीत, हसऱ्या चेहऱ्याने, "आमचं दोघांचं एकमत झालंय. पुढे जायला हरकत नाही."

आमच्या खोलीत सगळ्यांना दोन्ही कळलं. तिकडे कोणालाच पहिलं कळलं नाही. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं आणि माइक माझ्यासमोर सरकवला.

मी म्हटलं, "पुण्याचा कोड कच्चा आहे हे तू इंग्रजीत सांगितलंस ना, सगळ्यांसमोर? मग आत्ता जे म्हणालास तेही इंग्रजीतच सांग." आणि मग साहेबांना इंग्रजीत सांगितलं, की यांनी आत्ता आमच्या भाषेत तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, ते तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकावं.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्याने टायला हात लावला. पहिल्यांदा तो नुसता पुटपुटला.

"आवाज येत नाहीये," मी म्हटलं.

मग त्याने मोठ्याने सांगितलं. पुढचा विषय आमचा कोड तिकडे नेण्याचा होता. तो कोणी काढलाच नाही.